ठोकून पाहिलेला कडा

सेल बोटाच्या पेरावर मावत होता—शर्टाच्या बटणाहून लहान, आणि पाठीला नारिंगी कागदाची शेपटी. ती ओढून काढायची आणि मग मिनिटभर थांबायचं, दुकानदाराने बजावून सांगितलं होतं. लगेच कानाच्या यंत्रात घालायचा नाही, त्याला हवा लागू द्यायची, हवा लागली की तो कामाला लागतो. मनिषाने शेपटी काढली, सेल बशीत ठेवला. पाली गावातल्या घराची पडवी, रविवारची सकाळ, समोर बाबा मांडी घालून बसलेले, आणि दोघंही बशीकडे बघत मिनिट संपायची वाट पाहत होते—अंड्यातून पिल्लू बाहेर येणार असल्यासारखे.

"हवा लागल्याबिगर चालूच नाय होत?"

"नाही," ती मोठ्याने म्हणाली, ओठ नीट हलवत.

"म्हंजे आपल्या जांभ्या दगडासारका." बाबांना एकदम मजा वाटली. "खाणीतनं काडला तवा मऊ. मग वारा खाल्लान की घट्ट. चांगला हाय तुजा सेल."

यंत्र कानामागे बसलं. आत आई भांडी घासत होती, आणि तो आवाज बाबांपर्यंत पोचल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं—भुवया वर गेल्या, मान किंचित मागे झाली, अनोळखी माणूस न विचारता घरात शिरल्यावर होते तशी. मग परड्यातला कावळा. मग कोल्हापूरच्या रस्त्यावरचा ट्रक. प्रत्येक आवाजाकडे ते वळून बघत होते, तो कुठून आला हे डोळ्यांनी नक्की करून घेत होते. पाच मिनिटांनी त्यांनी यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि झाकण दाबून लावलं.

"सगळंच ऐकू येतंय गो बाय. माला एवडं नको." आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "सुजयला काय बोललीस नाय ना?"

"नाही."

"नको बोलू. मंगळवारी वर कड्यावर जायाचं हाय. थोडंच ऱ्हायलंय."

तिने बशी उचलून आत नेली. दुपारी कुळथाची पिठी आणि भात जेवली, चारच्या एसटीने रत्नागिरीला निघाली. बाबा पोचवायला आले होते. दोघांची चालण्याची एक पद्धत पडून गेली होती—बोलायचं असलं की ती त्यांच्या उजवीकडे, बऱ्या कानाच्या बाजूला, गाडी येत असली की डावीकडे. त्या दिवशी बोलण्यासारखं फार नव्हतं म्हणून ती बराच वेळ डावीकडे होती. बस सुटताना त्यांनी हात वर केला आणि लगेच खाली घेतला, कारण शेजारी कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं आणि ते हसून मान हलवत होते.

एवढाच तो दिवस. नंतर तिने तो पुष्कळदा उलटून पाहिला. त्यात लपवलेलं काही सापडलं नाही.

मंगळवारी पहाटे आईने हाक मारली आणि उत्तर आलं नाही. आईने दुसरी मारलीच नाही. हाकेला उत्तर न येणं त्या घरात नवीन नव्हतं. आईला तो नवऱ्याचा जुना स्वभाव वाटायचा. चहा झाला, चहा निवला, आणि मग ती आत गेली.

बाबा गेले त्याला आता बावन्न दिवस झाले, आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता मनिषा देवरुखच्या पुढच्या एका वाडीमागे, कड्याच्या पायथ्याशी, मांड्यांना आणि कमरेला पट्टे बांधून घेत उभी होती. पट्टे मृणाली आवळत होती—गिर्यारोहण क्लबातली सगळ्यात तरुण, कॉलेजात शिकवणारी, प्रत्येक बकल हिसका देऊन तपासणारी.

"श्वास घेता येतोय ताई?"

"येतोय."

"मग अजून सैल आहे."

रत्नागिरीच्या गिर्यारोहण क्लबाने तीन हिवाळे खपून या कड्यावर वाट बांधली होती. काळ्या दगडात बोल्ट, बोल्टांना धरून वरपर्यंत गेलेला पोलादी दोर, पाय ठेवायला लोखंडी कड्या. कमरेच्या दोन दोऱ्या त्या दोराला अडकवायच्या. बोल्ट आला की एक सोडवून पुढे लावायची, मग दुसरी. दोन्ही एकदम कधी सोडवायच्या नाहीत. क्लबाचा प्रमुख सुजय त्याला वाया फेराटा म्हणायचा, वाडीतले लोक लोखंडी निसण—शिडी—म्हणायचे. रविवारी उद्घाटन होतं. वाटेला बाबांचं—काशीरामचं—नाव द्यायचं क्लबाने ठरवलं होतं, आणि त्याआधी काशीरामच्या मुलीने एकदा ती चढावी अशी सुजयची इच्छा होती. फोनवर त्याचा आवाज दाटला होता. तिने हो म्हटलं होतं. का म्हटलं, हे ती वाचनालयातली पुस्तकं रॅकवर लावताना चार दिवस स्वतःला विचारत राहिली. नाव द्यायला हो म्हणायला जात होती, की…

"निसण व्हती ती आमच्या वेळंची," दाजी म्हणाले. हे वाडीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ. पायथ्याच्या दगडावर बसून त्यांनी सगळ्यांना चहा दिला होता. "बांबूची, वेलींनी बांदलेली. माजी आजी डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन हितनं घाटावर जायाची नि येताना कांदे आणायची. कमरेला पट्टा नाय, डोसक्यावर टोप नाय."

"पडल्या किती आज्या, ते नाही सांगत तुम्ही," सुजय म्हणाला.

"एकच पडली. ती पन नवऱ्याशी भांडत व्हती म्हणून."

मृणाली हसली तेव्हा तिच्या हातातला मनिषाचा पट्टाही हलला. दाजी मनिषाकडे वळले. "तुजा बापूस देवमाणूस गो बाय. मी तासतास बोलत बसायचो, हूं नाय की चूं नाय. नुसता हसायचा. असं ऐकणारं माणूस मी दुसरं बगितलं नाय."

वाक्य तयार होतं. कितीतरी महिने ते तयारच होतं—दाजी, त्यांना तुमचं काही ऐकू येत नव्हतं. चहाचा घोट त्यावरून खाली गेला.

ऐकू येत नव्हतं. एवढं साधं. पुस्तकांत माणसं याहून किती अवघड गोष्टी एकमेकांना सांगतात, आणि मी ती पुस्तकं लोकांना देते, परत आली की तारीख बघते. चाळीस वर्षं बाबा जांभ्याच्या चिरेखाणीत होते. आधी टिकावाने चिरे काढायचे तेव्हा ठोकून कान लावायचे. कुठला चिरा आतून तडकलाय ते घाव घालायच्या आधी सांगायचे. मग खाणीत चिरे कापायची यंत्रं आली. गोल पातं, तांबडी धूळ, आणि दिवसभर तो आवाज—ती लहानपणी डबा घेऊन गेली की कानात बोटं घालून खाणीच्या काठावर उभी राहायची, आणि खाली बाबा त्या आवाजात उभे असत, कानांना काहीही न लावता, पावसात उभं राहावं तसे. त्यांचे कान कधी गेले? एका दिवशी जात नाहीत ते. काठ झिजत आत येतो.

सुजय घर बांधायचे चिरे बघायला खाणीत आला होता. काशीरामने गाडीत चढवायच्या चिऱ्यांवर हातोडीने टकटक केलं, एक बाजूला टाकला, आणि पडताच त्याचे दोन तुकडे झाले. सुजयने ती गोष्ट पुढे शंभर जणांना सांगितली असेल. मग कड्याचं काम निघालं, तेव्हा त्याला बोल्टाच्या जागा ठरवणारा माणूस हवा होता—दगड कुठे सलग आहे आणि कुठे नुसता पापुद्रा आहे हे ठोकून सांगणारा. अशी माणसं मिळत नाहीत. बासष्टाव्या वर्षी काशीरामला दोरावर बसवून कड्यावरून खाली सोडलं. एकदा ती बघायला आली होती. सुजय वरून ओरडला, "आवाज बंद!" आणि हेल्मेट घातलेली, शिकलेली, इंजिनियर झालेली दहा-बारा माणसं गप्प झाली. काशीराम कड्याला कान लावून तीनदा ठोकत होता. ते सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग त्याने खिशातून गेरूचा खडा काढून दगडावर गोल केला, आणि वर कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला.

मला तेव्हा माहीत होतं. आदल्या दिवाळीपासून माहीत होतं, अंगणात फटाका फुटला आणि त्यांनी मान वळवली नाही तेव्हापासून. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शब्दासाठी कुणीतरी थांबलं होतं. ते खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा… तो चेहरा बघून कोण बोलेल?

आणि थोडं याहून वाईट आहे, तेही खरं. बाकी सगळ्यांना जे माहीत नाही ते आम्हा दोघांना माहीत होतं. ते मला आवडत होतं.

"काकांची हातोडी," सुजय म्हणाला. त्याने ती पिशवीतून काढून तिच्या हातात दिली. दांडा घामाने काळा पडलेला. "क्लबातच ठेवायची म्हणत होते सगळे. मी म्हटलं, ती ताईंची."

तिने ती कमरेच्या पट्ट्यात अडकवली.

सुजय पुढे, ती मध्ये, मृणाली मागे. पहिल्या दहा कड्या ती मोजत चढली, मग भीतीच्या जागी एक विचित्र नीटपणा आला—एक दोरी सोडव, पुढे लाव, दुसरी सोडव, पुढे लाव. प्रत्येक बोल्टाशेजारी गेरूचा गोल होता. पावसाने फिकट झालेला, काही ठिकाणी नुसती पुसट तांबूस सावली. कुठे कुठे फुली, म्हणजे इथे बोल्ट नको. गोल नेहमी एका बाजूला चपटा होता. बाबा कुठलाही गोल काढताना उजवीकडे चपटा काढायचे, दारातले चुन्याचे ठिपकेसुद्धा. ती त्या चपट्या गोलांवरून वर चालली होती. त्यांनी "हो" म्हटलेल्या जागांवरून.

"दोनशे बारा बोल्ट आहेत," वरून सुजय सांगत होता. "दर दहावा यंत्राने ओढून बघितला. बाकीचे काकांच्या कानावर."

हे तिला आधीच माहीत होतं. यावर तिने स्वतःपुरती एक समजूत बांधून घेतली होती, आणि ती बरी टिकली होती. पहिल्या हिवाळ्यात त्यांना पुष्कळ ऐकू येत होतं—निदान उजव्या कानाने. दुसऱ्यात थोडं. खरी शंका फक्त वरच्या टोकाच्या तीसेक बोल्टांची, शेवटच्या हिवाळ्यातल्या. शिवाय आवाज हाडांतूनही आत जातो असं तिने वाचलं होतं. कान लावताना ते गालाचं हाड दगडाला टेकवायचे. हे सगळं तिने वाचनालयात दोन संध्याकाळी बसून शोधून काढलं होतं, आणि वही मिटताना तिला बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं म्हणूनच कदाचित संशय यायला हवा होता.

कडा उंच नव्हता. हिमालयवाले याला टेकाड म्हणतात, सुजय म्हणाला होता. पण मध्यावर आल्यावर खाली पाहिलं तेव्हा दाजी सुपारीएवढे दिसत होते, आणि त्यांच्यामागे वाडी, भाताची कापलेली पिवळी शेतं, त्यापलीकडे निळसर होत गेलेलं सगळं कोकण. इथे काळ्या दगडात आडवा एक तांबडा पट्टा होता. कंबरभर उंचीचा, सरळ, कुणीतरी दोरी धरून आखल्यासारखा. या पट्ट्याबद्दलही तिने वाचलं होतं. खाली एका लाव्ह्याचा थर, वर दुसऱ्याचा. पहिला थंड झाल्यावर त्याची माती झाली, आणि मग दुसऱ्याने येऊन ती माती भाजून काढली. म्हणजे हा पट्टा म्हणजे दोन आगींच्या मधली शांतता. मातीची बोटभर जाडी व्हायला किती वर्षं लागत असतील… तिने बोट लावलं. बोट तांबडं झालं.

"इथे काकांनी जी गंमत केली!" सुजय वरच्या कडीवर टेकून थांबला होता. "त्यांचा पहिलाच दिवस, चाचणी म्हणून आधी इथेच सोडलं होतं. हा पट्टा दिसला आणि काका एवढे खूश, एवढे खूश. म्हणाले, हा आपलाच दगड, हा जांभा, वारा खाल्ला की घट्ट होणार. ठोकलं, कान लावला, आणि ओळीने पाच गोल. मी म्हटलं, काका, नक्की? म्हणाले, खणखणीत."

खालून मृणालीचं हसू आलं. "आणि मग ड्रिल लावलं."

"लावलं, आणि कुंकवासारखी भुकटी. कोपरापर्यंत हात आत जाईल असं भोक! जांभ्याचा माणूस, तांबडा दगड दिसला की त्याला माहेर भेटल्यासारखं होणारच. त्या दिवशी जेवले नाहीत बिचारे. पण त्यानंतर सांगतो ताई, एकही चुकला नाही. एकही."

ती हसली. चेहऱ्याने हसायचं ते हसली. पट्ट्यावर पाच फुल्या होत्या, आणि प्रत्येक फुलीखाली एक चपटा गोल.

पहिलाच दिवस.

ज्याने चाळीस वर्षं चिरे ठोकले त्याला ही भुकटी खणखणीत वाटेल? ऐकू आलं असतं तर हातोडी उचलायच्या आत कळलं असतं. त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं. तांबडा रंग पाहिला, ओळखीचा वाटला, आणि आवाज कसा यायला हवा हे आठवून सांगून टाकलं. म्हणजे त्या दिवशीसुद्धा, पहिल्याच दिवशी… म्हणजे वरचे तीस नव्हेत. सगळा कडा. ज्यावर मी आत्ता उभी आहे ती कडी. ज्यात माझी दोरी अडकली आहे तो बोल्ट.

बांधून ठेवलेली समजूत आवाज न करता गेली. मनिषाने दोन्ही हातांनी पोलादी दोर धरला, आणि तिला जाणवलं की दोर धरूनही उपयोग नाही, कारण दोरही त्यांच्याच शब्दावर टांगलेला आहे.

"ताई, ठीक आहात ना?" मृणालीने विचारलं. "थांबा हवं तर. रविवारी माझ्या कॉलेजची बावीस मुलं येणारेत, ती तर इथे रडणार आहेत बघा."

"ठीक आहे," ती म्हणाली. "जरा थांबते."

बावीस.

ती थांबली. आणि थांबल्यावर, भीतीच्या खाली, तिला एक दुसरी गोष्ट सापडली, जिची अशा वेळी लाज वाटायला हवी होती—कुतूहल. त्यानंतर एकही चुकला नाही, सुजय म्हणाला. दर दहावा ओढून पाहिला. एकवीस बोल्ट, तीन हिवाळ्यांत, आणि एकही हलला नाही. ऐकू न येणारा माणूस अंदाजाने गोल काढत गेला असता तर एखादा तरी हलला असता. आणि फुल्या? अंदाज करणारा माणूस फुल्या का मारेल? मग ते काय करत होते? त्या रात्री न जेवता त्यांनी काय शोधून काढलं?

तिने कमरेच्या पट्ट्यातून हातोडी काढली. वरच्या काळ्या दगडावर, एका गोलाच्या मध्ये, ठोकलं. टक्. शेजारच्या फुलीवर ठोकलं. बद्द. हा फरक तिच्या कानांना कळत होता, पण तो काही कामाचा नव्हता. तिला त्यांच्यासारखं ठोकायचं होतं. वारा चांगला वाहत होता. तिने हेल्मेटखाली बोटं घालून कानांत रुमालाचे कोपरे कोंबले, डोळे मिटले, डावा तळवा दगडावर ठेवला. एकदा पाहिलं होतं तिने हे—ते तळवा ठेवायचे. तिला तेव्हा वाटलं होतं तोल सावरतायत.

गोल. ठोकलं. तळव्याला काही कळलं नाही. पुन्हा. पुन्हा. मग कळलं ते तळव्याला नव्हे, उजव्या मनगटाला. हातोडी परत येत होती. दगडाने नको म्हटल्यासारखी, स्वतःहून, बोटभर मागे. फुलीवर ठोकलं—हातोडी तिथेच राहिली. बसली. जणू दगडाने ती ठेवून घेतली.

गोल: परत. फुली: राहिली.

तिने डोळे उघडले तेव्हा सुजय वरून बघत होता. रुमालाचे कोपरे तिने काढले नाहीत, आणि त्या गुंगलेल्या शांततेत तिला पहिल्यांदा ते दिसले, जसे ते इथे दोरावर बसले असतील तसे—कान दगडाला लावलेला, कारण खालीवरची माणसं कानाकडे बघतायत. आणि सगळं लक्ष मनगटात. बासष्टाव्या वर्षी, एका रात्रीत, त्यांनी नवीन काम शिकून घेतलं होतं. जांभ्याचं विसरून काळ्या दगडाचं. कानाचं विसरून हाताचं. आणि हे कुणालाही सांगता येत नव्हतं. सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागलं असतं. सगळे त्यांच्या कानाचं कौतुक करत होते, जो नव्हता. आणि जे होतं ते कुणी पाहिलंच नाही. मीसुद्धा. मी तर गुपित सांभाळत बसले होते.

छातीत काहीतरी वर आलं, आनंदासारखं. ती चढू लागली. प्रत्येक गोलावर एकदा ठोकत, हातोडी परत येते का बघत, आणि ती येत होती. आली. आली. आली. ओठांतल्या ओठांत ती बोलतही असावी, कारण मृणालीने खालून काहीतरी विचारलं.

मग वरच्या टोकाच्या थोडं खाली, जिथे दोर बाहेर आलेल्या नाकाडावरून वळत होता, एका गोलावर ठोकलं आणि हातोडी आली नाही.

पुन्हा ठोकलं. आली, थोडी. की तिनेच उचलली? पुन्हा. मनगट थकलं होतं, त्याला आता कशाचीच खात्री नव्हती. तिने कान मोकळे केले. टक्, असा आवाज आला… किंवा टक् आणि बद्द यांच्या मधला. शेजारच्यावर ठोकून पाहिलं, पुन्हा यावर. आधी जे स्पष्ट होतं ते ठोकून ठोकून पुसट होत गेलं, एकच शब्द सारखा लिहिला की तो चुकीचा दिसायला लागतो तसं. बोल्ट चकचकीत होता. गोल उजवीकडे चपटा होता. हा दहावा होता का? ओढून पाहिलेला? विचारलं तर सुजय सांगेल. पण हा सांगितला तरी पुढचा. आणि त्यापुढचा. एका सकाळीत शिकलेल्या मनगटाने मी दोनशे बारा वेळा हो म्हणू शकत नाही. ते म्हणू शकत होते का, हेही मला माहीत नाही. माझी इच्छा आहे की त्यांना येत असावं. इच्छा आणि दगड.

न बोलणं किती सोपं होतं. रविवारी बावीस मुलं चढतील, बहुधा काही होणार नाही. बहुधा. पाटीवर नाव लागेल. दाजी सांगत राहतील की असं ऐकणारं माणूस पाहिलं नाही. आणि मी दर वर्षी एकदा इथे येईन, आणि आमच्या दोघांतली ती गोष्ट आमच्या दोघांतच राहील… दोघांत. तिला तो शब्द लागला. बावन्न दिवस ती दोघांतलं काहीतरी सांभाळत होती, आणि म्हणून दोघं होती. डबीचं झाकण बंद होतं, पलीकडे कुणीतरी तिच्या उत्तराची वाट बघत होतं, 'बोललीस नाय ना?' आणि ती रोज उत्तर देत होती—नाही, बाबा. नाही बोलले. आईने हंबरडा फोडला, तेराव्याला सगळे आले-गेले, आणि तिला कुणी रडताना पाहिलं नाही; लोक म्हणाले वाचणारी मुलगी आहे, समजूतदार आहे. समजूतदार नव्हते मी. माझ्यापुरते ते गेले नव्हते.

"सुजय."

"बोला ताई."

"हे रविवारी उघडू नका."

तो हसला, अर्धवट. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दोन कड्या खाली आला. "काय झालं? काही हललं का?"

"बाबांना ऐकू येत नव्हतं."

वाऱ्याने वाक्य कुठे नेलं नाही. ते तिथेच राहिलं, तिघांच्या मध्ये. खाली मृणालीची दोरी अडकवल्याचा खट्ट आवाज आला.

"म्हणजे… वयामुळे थोडं—"

"थोडं नाही. तुमच्याकडे आले त्या पहिल्या दिवसापासून. मला माहीत होतं."

सुजयने डावीकडच्या बोल्टाकडे पाहिलं, मग उजवीकडच्या. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळत होतं की तो आता सगळा कडा मनातल्या मनात खालपासून पुन्हा चढतोय, प्रत्येक गोलापाशी थांबतोय. तीन हिवाळे. शेवटी तो म्हणाला, "आम्ही सगळे श्वास रोखून उभे असायचो ताई."

"हो."

"तुम्ही तिथे होतात. एकदा."

"होते."

"मग ते ठरवत कसे होते?"

हे त्याने रागाने विचारलं की खरंच विचारलं, तिला समजलं नाही. तिने हातोडी त्याच्यासमोर धरली. "मला वाटतं, ही मागे किती येते त्यावरून. माझी खात्री नाही. तुम्ही सगळे ओढून बघा. एकूणएक."

त्याने हातोडी घेतली. लगेच ठोकलं नाही. दांड्याची पकड दोनदा बदलली. खालून मृणाली हळूच म्हणाली, "सर, मी मुलांना आज कळवते," आणि तो म्हणाला, "कळव." मग त्याने त्यांच्याकडे पाठ केली, डावा हात दगडावर ठेवला आणि ठोकायला लागला. सावकाश. मनगटाकडे बघत.

मनिषा कडीवर उभी होती. खाली वाडीत कुणीतरी पेंढा रचत होतं. तिला वाटलं होतं सांगितल्यावर अपराधी वाटेल, किंवा हलकं. तसं काही नव्हतं. नुसती एक जागा मोकळी झाली होती, आणि तिथे कुणी विचारत नव्हतं, बोललीस नाय ना. ती वाट बघत राहिली. कुणी विचारलं नाही. असं आहे तर हे, तिला वाटलं. हे असं असतं तर. आणि त्या रिकाम्या जागेच्या काठाशी, बावन्न दिवसांत पहिल्यांदा, तिला रडू यायला लागलं.

अजून एक राहिलं होतं. सुजयला सांगून झालं, पण ते त्याला सांगायचं नव्हतंच मुळी. ज्यांना सांगायचं होतं त्यांच्यासमोर ती मोठ्याने बोलली होती, ओठ हलवून बोलली होती, वर्षानुवर्षं त्यांच्या वतीने ऐकलं होतं, पण हे वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं. चेहऱ्याला जपलं होतं, त्यांच्या की स्वतःच्या, कोण जाणे. तिने कपाळ काळ्या दगडाला टेकवलं. दगड उन्हाने कोमट झाला होता. सुजयचे ठोके कपाळाच्या हाडाला लागत होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही. खाली या."